एकेक धातू खाली बसवताना: निवडक अवक्षेपणाची पहिली ओळख

लोह, तांबं आणि मॅग्नेशियम एकाच बीकरमध्ये विरघळलेले होते आणि मला त्यातलं फक्त लोह हवं होतं. सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की लोहाचा तपकिरी साका पडतो, एवढं पाठ होतं. म्हणून परीक्षानळीभर हायड्रॉक्साइड एकदम ओतून मोकळा झालो. साका पडला, भरपूर पडला. पण तो धड तपकिरी नव्हता की धड निळा नव्हता, नुसता मळकट चिखल होता. गाळायला लावला तर तासाभरात फिल्टर पेपरमधून चार थेंब उतरले. लॅबमधले मामा ते बघून एवढंच म्हणाले, “सगळ्यांना एकदम हाक मारलीत, सगळेच आले.”

हायड्रॉक्साइड त्या तिघांनाही खाली बसवतं. लोहाला ते नावापुरतं पुरतं, तांब्याला बरंच जास्त लागतं आणि मॅग्नेशियमला त्याहून पुष्कळ जास्त. पहिला धातू पूर्ण बसलाय आणि दुसऱ्याने अजून सुरुवात केलेली नाही, अशा जागी हात थांबवायचा. निवडक अवक्षेपण म्हणतात ते हेच. ती जागा कागदावर कशी काढायची आणि बीकरमध्ये कशी सापडवायची, हे याच तीन धातूंवर करून पाहू.

त्याआधी सुरक्षिततेचं. हा प्रयोग घरच्या ओट्यावर करायचा नाही, प्रयोगशाळेतच करायचा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे पहिल्यापासून शेवटपर्यंत हवेत. यातले क्षारही अगदी निरुपद्रवी नाहीत, त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते, आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल कातडी भाजतं, शिवाय त्याच्या वाफा नाकाला झोंबतात. ते फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच मोजा.

साका नेमका कधी पडतो

अविद्राव्य म्हणतात ते क्षारही पाण्यात थोडेसे विरघळतातच. सिल्व्हर क्लोराइडचं संपृक्त द्रावण घेतलं, तर त्यातल्या चांदीच्या आयनांची संहती (लिटरमागे किती मोल आहेत तो आकडा) आणि क्लोराइडची संहती यांचा गुणाकार ठरावीक तापमानाला ठरलेला असतो. २५ अंश सेल्सिअसला तो १.८ गुणिले १०चा उणे १०वा घात इतका भरतो. याला विद्राव्यता गुणाकार म्हणतात. तुमच्या बीकरमध्ये या दोन संहतींचा गुणाकार त्या आकड्याच्या खाली असेल तर सगळं विरघळलेलं राहतं. आकडा ओलांडला की जास्तीचा माल साका होऊन बाहेर पडतो आणि गुणाकार पुन्हा त्या आकड्यावर येईपर्यंत पडत राहतो.

नवशिक्यांची गफलत होते ती घातांकात. लोहाच्या एका आयनाला तीन हायड्रॉक्साइड लागतात, म्हणून गुणाकारात हायड्रॉक्साइडची संहती तीनदा येते. तांबं आणि मॅग्नेशियमला दोन लागतात, तिथे ती दोनदा येते. त्यामुळे दोन क्षारांचे विद्राव्यता गुणाकार शेजारी मांडून ‘हा लहान, म्हणजे हा आधी पडणार’ असं म्हणणं फक्त दोन्हींची घडण सारखी असेल तेव्हाच चालतं. नाहीतर प्रत्येकासाठी गणित करून पाहावंच लागतं.

करून पाहू. तिन्ही धातू ०.०१ मोलर, म्हणजे लिटरमागे ०.०१ मोल आहेत असं धरा. फेरिक हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार २.८ गुणिले १०चा उणे ३९वा घात. त्याला ०.०१ ने भागा आणि घनमूळ काढा. हायड्रॉक्साइडची जी संहती मिळते ती इतकी क्षुल्लक आहे की सामू, म्हणजे लॅबमध्ये आपण ज्याला पीएच म्हणतो तो, १.८ निघतो. चांगल्या आम्लधर्मी द्रावणातच लोह पडायला लागतं, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा जरा नवल वाटतं.

पण सुरुवात झाली म्हणजे काम झालं असं नाही. ‘पूर्ण पडलं’ कधी म्हणायचं? निर्लेप शून्य कधीच येत नाही. द्रावणात लिटरमागे एक दशलक्षांश मोल उरलं, म्हणजे मूळच्या दहा हजारातला एक आयन उरला, की पूर्ण झालं असं मी धरतो. हा निव्वळ संकेत आहे, काम नाजूक असेल तर तुम्ही तो अजून कडक ठेवा. त्या हिशेबाने लोह ३.२ सामूला पूर्ण बसलेलं असतं.

आता तांबं. क्युप्रिक हायड्रॉक्साइडचा गुणाकार २.२ गुणिले १०चा उणे २०वा घात. इथे वर्गमूळ. तांबं ५.२ ला सुरू होतं आणि ७.२ ला संपतं. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा गुणाकार ५.६ गुणिले १०चा उणे १२वा घात. ते ९.४ ला सुरू होतं आणि ११.४ ला संपतं.

आकडे ओळीने वाचले की योजना आपसूक समोर येते. लोह आणि तांबं यांच्यात ३.२ ते ५.२ अशी फट आहे, तांबं आणि मॅग्नेशियम यांच्यात ७.२ ते ९.४. पहिल्या फटीत ४ च्या आसपास थांबायचं, दुसरीत ८ ला, आणि शेवटी १२ ला.

या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नका. कोष्टकागणिक विद्राव्यता गुणाकार वेगळे सापडतात. ताजा, ओबडधोबड साका जुन्या स्फटिकी साक्यापेक्षा जास्त विरघळतो, आणि द्रावणात इतर क्षार भरपूर असतील तरी आकडे सरकतात. अर्धा-पाऊण अंक इकडेतिकडे धरूनच चाला. आपल्या फटी दोन-दोन अंकांच्या आहेत, म्हणून निभावतं. फट अर्ध्या अंकाची निघाली असती तर मी या वाटेला गेलोच नसतो.

जमवाजमव

१०० मिलिलिटर मिश्रणासाठी प्रत्येक धातू एक मिलिमोल हवा. फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट ०.२७ ग्रॅम, कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट ०.२५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.२५ ग्रॅम. तिघेही पाव ग्रॅमच्या आसपास, लक्षात ठेवायला सोपं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवण्याआधी पाण्यात एक मिलिलिटर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. साध्या पाण्यात फेरिक क्लोराइड स्वतःहूनच हळूहळू गढूळ व्हायला लागतं, आणि प्रयोग सुरू होण्याआधीच साका पडलेला कुणाला नको असतो. मिश्रणाचा रंग हिरवट पिवळा येईल, पण पलीकडची अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत.

सोडियम हायड्रॉक्साइडची दोन द्रावणं लागतील, एक ०.५ मोलर आणि एक २ मोलर. शिवाय एक बफर, म्हणजे आम्ल किंवा हायड्रॉक्साइड थोडं पडलं तरी सामू फारसा हलू न देणारं द्रावण: सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट ९.७ ग्रॅम आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल ७.४ मिलिलिटर, पाण्याने एकूण १०० मिलिलिटर. याचा सामू ४.५ च्या जवळ येतो. बाकी सामू मोजायला मीटर किंवा बारीक टप्प्यांचा पेपर, काचकांडी, ड्रॉपर, फनेल, आणि व्हॉटमन ४१ सारखा भरभर गाळणारा फिल्टर पेपर. सेंट्रिफ्यूज असेल तर थोड्या मालासाठी ते गाळण्यापेक्षा कितीतरी बरं.

पहिला टप्पा: लोह

मिश्रण ढवळत ठेवा आणि ०.५ मोलर हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडा. इथे बीकरच्या जवळ डोळे नेऊन बघण्यासारखं काही घडतं. थेंब जिथे पडतो तिथे क्षणभर तपकिरी ढग उमटतो, आणि नीट पाहिलंत तर त्या ढगाच्या कडेला निळसर झाकही दिसते. बीकरमधल्या एकूण द्रावणाचा सामू २ च्या आसपास असला तरी त्या थेंबाच्या पोटात तो १३ च्या वर असतो. तिथल्या तिथे तांबंही पडतं आणि मॅग्नेशियमही. ढवळल्यावर ढग विरतो, कारण भोवतालचं आम्ल त्याला परत विरघळवतं. मी एकदम ओतलं तेव्हा हे परत विरघळणं झालंच नाही. थेंब का आणि ढवळणं का, हे या एका ढगात दिसतं.

जसजसं पुढे जाल तसा ढग विरायला वेळ लागेल. ढवळूनही एक पुसट गढूळपणा मिनिटभर टिकला की हायड्रॉक्साइड बाजूला ठेवा. इथून पुढचं काम बफरकडे द्यायचं. १० मिलिलिटर बफर ढवळत घाला. द्रावण एकदम गडद तांबूस होतं. ॲसिटेट लोहाला चिकटल्याचा तो रंग आहे. आता बीकर तापवा. उकळीच्या जवळ येताच तांबूसपणा फाटतो आणि तपकिरी फुटी वेगळ्या होऊन तरंगायला लागतात. पाच मिनिटं हलकी उकळी पुरे.

हायड्रॉक्साइडनेच ४ पर्यंत का नाही जायचं? जाता येतं, पण हात फार सरावलेला लागतो. लोहाचा प्रत्येक आयन साका होताना तीन हायड्रॉक्साइड घेतो, म्हणजेच द्रावणात तीन आम्ल मागे सोडतो. एक मिलिमोल लोह बसताना तीन मिलिमोल आम्ल तयार होतं आणि सामू सतत खाली ओढतं. तुम्ही वर न्यायचं, त्याने खाली खेचायचं, आणि मग एक थेंब जास्त पडला की सामू टुणकन ७ वर. आपल्या १० मिलिलिटर बफरमध्ये ॲसिटेट सात मिलिमोल आहे. त्यातलं तीन खर्ची पडलं तरी चार उरतं आणि सामू ४.२ च्या आसपास थांबतो. फटीच्या अगदी मधोमध. बफर किती घालायचा हे असं मोजून ठरवायचं असतं. ‘थोडा बफर घाला’ असं कुणी सांगितलं तर किती ते विचारा.

याहून सुबक रीत युरियाची. द्रावणात युरिया विरघळवून ९० अंशांच्या वर तापवत ठेवलं की युरिया सावकाश फुटतो आणि अमोनिया सगळ्या द्रावणभर सारखा तयार होतो. थेंब नाही, त्यामुळे ढगही नाही. साका दाट आणि गाळायला सोपा पडतो. तांबं सोबत असताना मात्र ती वापरू नका, कारण अमोनिया तांब्याला धरून ठेवतो.

उकळी थांबवल्यावर बीकर दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्यावर ठेवून द्या. या वेळात बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, पकडलेलं पाणी आणि इतर आयन थोडेफार सोडतात. साका खाली बसून वर स्वच्छ निवळ दिसायला हवी. त्या निवळीत बीकरच्या कडेने बफरचा एक थेंब सोडा. थेंब पडला तिथे तपकिरी काही उमटलं नाही, तर लोह पूर्ण बसलं. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची असते, पण तीच टाळली जाते आणि मग पुढच्या दोन्ही टप्प्यांत लोह डोकावत राहतं.

गरम असतानाच गाळा. आधी निवळ ओतून घ्या आणि साका शेवटी कागदावर घ्या. उलट केलंत तर कागदाची छिद्रं पहिल्याच मिनिटात बुजतात. धुवायला एक टक्का सोडियम नायट्रेटचं गरम पाणी, दोन-तीन वेळा थोडं थोडं. नुसत्या पाण्याने धुतलं तर साक्यातले कण पुन्हा सुटे होऊन कागदातून पसार होतात आणि खालचं द्रावण तपकिरी दिसायला लागतं. पुस्तकात इथे बहुधा अमोनियम नायट्रेट सांगितलेलं असतं, कारण साका पुढे भाजला की ते उडून जातं. आपल्याला ते नको. धुतलेलं पाणी आपण पुढच्या द्रावणात मिसळणार आहोत, आणि त्यातलं अमोनियम सामू वाढवल्यावर अमोनिया होऊन आपलं तांबं अडवेल, पुढे मॅग्नेशियमही अडवेल. एका टप्प्यापुरता दिलेला सल्ला तीन टप्प्यांच्या कामात असा अंगाशी येतो.

लोहासोबत कोण कोण आलं

फिल्टर पेपरवरचा साका तपकिरी दिसला म्हणून तो निव्वळ लोह आहे असं समजू नका. फेरिक हायड्रॉक्साइड बुळबुळीत असतं, त्याचा पृष्ठभाग अवाढव्य असतो, आणि गणिताप्रमाणे जे पडायलाच नको ते आयनही त्याला चिकटून खाली येतात. याला सहअवक्षेपण म्हणतात. त्यावरचा उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: साका कागदावरच कोमट विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा आणि सगळी कृती पुन्हा करा. दुसऱ्यांदा भोवती तांबं फारच थोडं असतं, त्यामुळे चिकटायलाही थोडंच मिळतं. दुसऱ्या गाळलेल्या द्रावणाचे दोन मिलिलिटर परीक्षानळीत वेगळे काढा आणि त्यात अमोनिया घाला. निळी झाक आली तर पहिल्या वेळी तांबं चिकटून आलं होतं याचा तो पुरावा. मी जेव्हा जेव्हा पाहिलं तेव्हा ती आलीच आहे. ही परीक्षानळी मात्र परत बीकरमध्ये ओतायची नाही.

हा चिकटपणा नेहमी शत्रूच असतो असं नाही. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी पिचब्लेंड खनिजाचे असेच टप्प्याटप्प्याने साके पाडले. एक किरणोत्सारी पदार्थ बिस्मथच्या सल्फाइडसोबत खाली येत होता, तो पोलोनियम. दुसरा बेरियमसोबत येत होता, तो रेडियम. दोन्ही इतके कमी होते की स्वतःचा साका पाडण्याइतकी त्यांची संहतीच नव्हती. ते दुसऱ्याच्या पाठीवर बसून आले. पुढे १९३८ मध्ये बर्लिनला ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान न्यूट्रॉनचा मारा केलेल्या युरेनियममधून जे निघतं ते बेरियमच्या मदतीने खाली बसवत होते. ते रेडियम असावं असा त्यांचा अंदाज होता. पण बेरियमपासून ते काही केल्या सुटेना. रेडियम असतं तर सुटायला हवं होतं. ते बेरियमच होतं, म्हणजे युरेनियमचा अणू फुटला होता. वेगळं होत नाही, या एका अपयशातून अणुविखंडन हाती आलं.

दुसरा टप्पा: तांबं

गाळलेलं द्रावण आता फिकट निळं दिसतंय. त्याचे चार थेंब वेगळे काढून त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पोटॅशियम थायोसायनेट घाला. रक्तासारखा लाल रंग आला तर लोह अजून आहे, मागे फिरा. शेजारी निव्वळ कॉपर सल्फेटच्या विरल द्रावणावर हीच चाचणी करून ठेवा, म्हणजे तांब्यामुळे रंग कसा दिसतो ते कळतं आणि डोळ्यांची फसगत होत नाही.

आता सामू ८ ला न्यायचा. पण पहिल्या टप्प्यात ज्या बफरने तारलं तोच इथे आडवा येतो. द्रावणात जवळपास सोळा मिलिमोल ॲसेटिक आम्ल आहे, ते सगळं संपेपर्यंत सामू हलणार नाही. म्हणून २ मोलर हायड्रॉक्साइड घ्या. पहिले सात मिलिलिटर बऱ्यापैकी सरळ घालता येतात, ढवळत अर्थातच. लोह दोनदा बसवलं असेल आणि दुसरं गाळलेलं द्रावणही यात मिसळलं असेल तर आम्ल जवळपास दुप्पट झालेलं असतं, हा हिशेब विसरू नका. त्यानंतर ०.५ मोलरवर या आणि पुन्हा थेंबाथेंबाने. ६ च्या आसपास निळसर पांढुरका साका दिसायला लागेल. ८ ला थांबा, दोन मिनिटं वाट पाहा, पुन्हा मोजा. सामू खाली घसरला असेल तर एखादा थेंब अजून.

निळा साका गाळायला त्रासदायक. तो ८० ते ९० अंशांपर्यंत तापवा. निळ्याचा हिरवट, मग तपकिरी, मग काळा होत जातो. हायड्रॉक्साइडमधलं पाणी निघून कॉपर ऑक्साइड बनलं. काळा साका जड असतो, झटकन तळाला बसतो आणि गाळताना अजिबात छळत नाही. वरची निवळ रंगहीन हवी. निवळीच्या दोन थेंबांत ॲसेटिक आम्ल घालून पोटॅशियम फेरोसायनाइडचा थेंब टाका. तांबडा-तपकिरी रंग आला नाही तर तांबं संपलं.

तिसरा टप्पा: मॅग्नेशियम

हा सोपा आहे. २ मोलर हायड्रॉक्साइडने सामू १२ ला न्या. पांढरा, पुसटसा, ढगासारखा साका येतो. थोडा वेळ गरम ठेवून गाळा. १२ ला हायड्रॉक्साइड ०.०१ मोलर असतं आणि मॅग्नेशियम लिटरमागे एक दशलक्षांश मोलच्याही बरंच खाली जातं. हेच काम कारखान्यांनी प्रचंड प्रमाणावर केलेलं आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यात चुना घातला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड खाली बसतं, आणि चुन्यातलं कॅल्शियम पाण्यातच राहतं, कारण त्याचं हायड्रॉक्साइड कितीतरी जास्त विद्राव्य आहे.

लोह फेरस निघालं तर

वरची सगळी योजना फेरिक, म्हणजे तीन धन भारांच्या लोहासाठी आहे. फेरस लोहावर दोनच असतात. तुमचा नमुना बाहेरचा असेल, गंजाचा, खनिजाचा किंवा धातू आम्लात विरघळवून केलेला, तर त्यात फेरस लोह असू शकतं. त्याचं गणित करून बघा. ०.०१ मोलर फेरस लोह ६.९ च्या आसपास पडायला सुरुवात करतं, म्हणजे तांब्याच्या पाठोपाठ, त्याच्याच टप्प्यात. पहिल्या टप्प्यात ते निवळीतून निमूटपणे पुढे जातं आणि दुसऱ्यात तांब्यात मिसळतं. म्हणून अगदी सुरुवातीला, द्रावण आम्लधर्मी असतानाच, हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब घालून उकळा. फेरसचं फेरिक होतं आणि जास्तीचं पेरॉक्साइड उकळीत निघून जातं.

फट सापडत नसेल तेव्हा

लोह आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की सामूची युक्ती तोकडी पडते. दोन्ही ४ ते ५ पर्यंत जवळजवळ सोबतच खाली येतात. अशा वेळी खाली बसवण्याऐवजी परत विरघळवण्यातला फरक वापरायचा: सोडियम हायड्रॉक्साइड भरपूर घातलं की ॲल्युमिनियमचा साका विरघळून जातो, लोहाचा जागेवर राहतो. जस्तही ॲल्युमिनियमसारखंच वागतं. अमोनियाची तऱ्हा आणखी वेगळी. जास्तीचा अमोनिया घातला तर तांबं गडद निळं होऊन द्रावणात राहतं, लोह मात्र खाली बसतं.

क्लोराइडची निवड खरोखर चोख आहे. चांदी आणि शिसं दोन्ही ०.०१ मोलर असतील तर शिशाला पडायला क्लोराइड ०.०४१ मोलर लागतं, आणि तोवर चांदी लिटरमागे एक अब्जांश मोलच्या चार-पाच पटीवर आलेली असते. पण संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ओतण्याचा मोह आवरा. क्लोराइड फार झालं तर चांदी जटिल आयन बनवून परत विरघळते. शिसं चुकून खाली आलंच तर उकळतं पाणी ते धुऊन नेतं: लेड क्लोराइड २० अंशांना १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम एक ग्रॅम विरघळतं, १०० अंशांना तीन ग्रॅमच्या वर. चांदीच्या साक्यावर अमोनिया वापरलात तर ते द्रावण लगेच आम्ल घालून संपवा. साठवून किंवा वाळवून ठेवलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो.

निकेलसाठी डायमिथिलग्लायॉक्झाइम आहे. १९०५ मध्ये लेव्ह चुगायेव्ह यांनी दाखवून दिलं की त्याने निकेलचा गुलाबी-लाल साका पडतो. तो रंग एकदा पाहिला की विसरत नाही.

आणि सल्फाइड. जर्मनीच्या कार्ल रेमिगियस फ्रेझेनियस यांनी १८४० च्या दशकात धातूंच्या गटवारीची जी पद्धत रुळवली, तिचा कणा हायड्रोजन सल्फाइड होता. तत्त्व आपलंच: आम्ल भरपूर असताना सल्फाइड आयन अत्यल्प असतात, तेव्हा तांबं, शिसं, बिस्मथ पडतात, आम्लारीत सल्फाइड वाढतात, तेव्हा जस्त आणि मँगनीज. पण हा वायू जीवघेणा आहे. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वास येणंच थांबतं. वास गेला म्हणजे वायू गेला, अशी समजूत त्यामुळे होते. नवशिक्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी वजन

साके वेगळे झाले की नाही याची सगळ्यात निष्ठुर परीक्षा तराजू घेतो. तिन्ही साके वाळवून क्रुसिबलमध्ये लालबुंद होईपर्यंत भाजा आणि थंड झाल्यावर तोला. एक मिलिमोल लोहाचं फेरिक ऑक्साइड ०.०८० ग्रॅम भरायला हवं, कॉपर ऑक्साइडही योगायोगाने ०.०८० ग्रॅम, आणि मॅग्नेशियम ऑक्साइड ०.०४० ग्रॅम. लोह जास्त आणि तांबं तेवढंच कमी आलं, तर तांबं लोहाला चिकटून गेलं. पहिला टप्पा दोनदा करा. तिन्ही जास्त आले तर धुण्यात आळस झाला, सोडियमचे क्षार साक्यात राहिले. तिन्ही कमी आले तर बीकरच्या कडा आणि काचकांडी तपासा. मॅग्नेशियमचं वजन माझं अजूनही चुकतं, बहुतेक वेळा तीन-चार मिलिग्रॅम जास्तच येतं, कारण तो साका धुवून धुवून संपत नाही. तोलून झालं की तांब्याचं सगळं उरलंसुरलं धातूंच्या टाकाऊ बाटलीत, बेसिनमध्ये नाही.